डावी चप्पल साताऱ्याला गेली, त्याबद्दल तक्रार

मंगळवार पेठ,
कोल्हापूर.

तीर्थरूप दाजींच्या चरणी मेहुणा अमरसिंह याचा कोल्हापुराहून शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची खुशाली आक्काकडून कळतेच. गुडघा दुखतोय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आणि तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्यानं चालणाऱ्यांना कसं चालावं ते समजावून सांगताय, इथपर्यंतची बातमी इकडं पोचली आहे. आमच्याकडे सगळं ठीक. अण्णांचा (म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा, तुम्हाला त्यांचा अधूनमधून विसर पडतो म्हणून खुलासा) रक्तदाब गोळ्यांनी कमी होतो, आवाज कशानंच होत नाही. तुमची भाची नंदिनी बेंगळुरूला नोकरीत रुळली. पंपांचं दुकान चालू आहे. आमच्या सौभाग्यवती स्वप्नालीबद्दल पुढे येईलच, कारण सगळं तिच्यापासूनच सुरू झालं. खरं म्हणजे तुमच्यापासून.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणार. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. मी गुपित सांगायला लागलो की गल्लीतले लोक पुढचं ऐकायला थांबतात. शिवाय तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि उत्तरं आक्का स्वयंपाकघरातून देते. म्हणून हे पत्र गुळाच्या पार्सलात घातलंय. गूळ आक्काला द्या, पत्र एकट्यानं वाचा. हे तक्रारीचं पत्र आहे. माझी मापाची करून घेतलेली, कापशी घाटाची, चालताना करकर वाजणारी नवी कोल्हापुरी चप्पल, त्यातली डावी, साताऱ्याला गेली आहे. हसू नका. तुमच्या लग्नापासून तुम्ही मला चारचौघांत ‘छत्री विसरणारा मेहुणा’ म्हणून पुढे करता, ते मी मुकाट्यानं सोसलं. पण या वेळी मी काही विसरलेलो नाही. चप्पल गेली आहे, आणि ती कशी गेली हे समजायचं तर दिवाळीपासून सुरुवात करावी लागेल.

दिवाळीत तुम्ही आमच्याकडे चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसला होतात. नंदिनी नुकतीच गेलेली, स्वप्नालीचं घरात मन लागत नव्हतं. तेव्हा तुम्ही डब्यातून मान वर न करता म्हणालात, “स्वप्नाली, घरात कायतरी जीव पाहिजे बघ.” एवढं बोलून तुम्ही साताऱ्याला निघून गेलात. तुमच्यासाठी ते दोन चकल्यांमधलं बोलणं होतं. तिनं ते मनावर घेतलं. आठवड्याभरात घरात अवंतिका नावाची एक मुलगी आली. ही मुलगी कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात टाकून दिलेली, छळलेली लहान जातीची कुत्री सोडवून आणते. वाढदिवसाला हौसेनं आणलेली आणि केस गळायला लागले की हायवेवर सोडलेली. अशा कुत्र्यांना कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी आपल्या घरी ठेवून घ्यायचं, त्याला फॉस्टर म्हणतात. म्हणजे जेवण आपण घालायचं, दुखणं आपण काढायचं, वळण आपण लावायचं, आणि जरा माणसात आली की दुसऱ्याच्या हाती द्यायची. अण्णा हे सगळं ऐकून म्हणाले, “म्हंजे लेकीगतच की.” हे वाक्य त्यांनी उगीच काढलं. पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

दाजी, आमच्या घरात एके काळी कुत्री कसली असायची हे तुम्ही पाहिलंय. अण्णांचा तो शिकारी कारवान कुत्रा तुम्ही नवरदेव म्हणून दारात आलात तेव्हा तुमच्या अंगावर धावला होता (तो माणसं बरोबर ओळखायचा). त्या घरात अवंतिकानं टोपलीतून काय काढलं, तर एक केसांचा पुंजका. त्याला पुढं कुठं आणि मागं कुठं हेच आधी कळेना. जातीचं नाव शिह त्झू. हे नाव घेताना अण्णांची कवळी हलते, म्हणून ते घेत नाहीत. संस्थेनं नाव ठेवलं होतं प्रिन्सेस. अवंतिका म्हणाली की, फार जीव लावू नका, दुसरं नाव-बिव ठेवू नका, नंतर जड जातं. तेव्हा अण्णांनी तोडगा काढला की हिला नुसतं ‘पावणी’ म्हणायचं. आज हाय, उद्या न्हाय. नावही नाही आणि गुंताही नाही. आम्हाला ते फार शहाणपणाचं वाटलं. कोल्हापुरातल्या घरात एखाद्याला पाहुणा म्हटलं की त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, जेवला की राहा म्हणतात, आणि राहिला की उद्या जा म्हणतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जेवणापासूनच भांडण सुरू झालं. अवंतिकाचा हुकूम असा की कोंबडी नुसती उकडायची, मीठ नाही, मसाला नाही, हाड नाही. अण्णा ते पातेलं बघून खवळले. “मीठ न्हाय, तिखट न्हाय, तुरुंगात तरी असलं देत्यात का?” पाहुणीला असलं वाढलेलं लोकांना कळलं तर तोंड दाखवायची सोय राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आमची नजर चुकवून तिला वाटीभर पांढरा रस्सा पाजला. त्याचा परिणाम स्वप्नालीच्या भिशीच्या दिवशी, भिशीच्या बायका बसल्या होत्या त्याच सतरंजीवर दिसला. सतरंजी मी धुतली. का, तर अण्णांना वाकता येत नाही आणि स्वप्नाली माझ्याशी बोलत नव्हती. रस्सा पाजला अण्णांनी, प्याली कुत्री, आणि अबोला माझ्याशी. हा न्याय तुम्हाला तरी कळतो का?

फिरवण्याचं काम माझ्याकडे आलं. हिला जिना चढता येत नव्हता आणि उतरताही येत नव्हता. मातीवर पाय ठेवला की पाय उचलून धरायची, तापलेल्या तव्यावर उभी असल्यासारखी. म्हणून मी तिला उचलून न्यायचो. डोळ्यांवर केस येतात म्हणून डोक्यावर शेंडी बांधावी लागते, रबरानं. रबर गुलाबी (स्वप्नालीनं पुडकंच आणलंय). आमच्या घराण्यातल्या पुरुषांनी फेटे बांधले, दाजी, आणि मी दुकान उघडायच्या आधी कुत्रीची शेंडी बांधतो. आणि रंकाळ्याकडं जायची वाट तालमीवरून. पहिल्या दिवशी तालमीच्या पायरीवर बाळासो बसला होता (तुम्हाला आठवेल, तोच, ज्याच्या मानेला कॉलर बसत नाही). त्यानं नीट न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “दादा, ह्ये कुत्रं हाय का वहिनींची पर्स?” त्यानंतर मी आठवडाभर लांबच्या वाटेनं गेलो.

आता चपलेकडे येतो. एका सकाळी दुकानाला निघालो तर दारात उजवी चप्पल आहे, डावी नाही. सगळं घर पालथं घातलं. शेवटी पावणीच्या अंथरुणात सापडली. चावलेली नाही, फाडलेली नाही. ती चपलेभोवती गोल होऊन पडली होती आणि मधूनमधून तिला चाटत होती. मी हात पुढं केला तर दातसुद्धा दाखवले नाहीत, नुसतं गुरगुरली आणि चप्पल पोटाखाली ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी अण्णांची डावी गेली. मग जो घरात येईल त्याची. नेहमी डावीच. का ते तिलाच माहीत. बाळासो एकदा पाना मागायला आला. निघताना बघतो तर एकच चप्पल. एवढा पैलवान गडी, आत येऊन पावणीच्या अंथरुणापुढं उकिडवा बसला, हात पुढं केला, मागं घेतला, परत पुढं केला. मग चहा झाला. मग जेवण झालं. संध्याकाळी माझ्या जुन्या स्लिपरा घालून गेला. अण्णा एवढे खूश झाले की त्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. “बघा, पावण्यांस्नी जाऊ देत न्हाय. शिकवायला लागलं न्हाय, आपल्या घराचं वळण हाय!”

मी चिडून अवंतिकाला बोलावलं. म्हटलं, ही खोड मोडा, गल्लीतली निम्मी माणसं दोन वेगवेगळ्या चपला घालून फिरतायत. तेव्हा तिनं जे सांगितलं ते असं. ही आठ वर्षांची कुत्री एका पैदाशीच्या धंद्यातून सोडवलेली. पिंजऱ्यात ठेवायचे, पिल्लं काढायचे, अंगावरचं दूध सुटायच्या आत ती उचलून विकायचे आणि पुन्हा तेच. तिनं जमीनच पाहिलेली नाही. म्हणून जे मऊ, चामड्याचं, माणसाच्या वासाचं मिळतं ते ती गोळा करते आणि राखत बसते. अण्णा उठले, त्यांनी उरलेली उजवी चप्पल पायातून काढली, तिच्यापुढं सरकवली (तिनं ती घेतली नाही, हिशेब पक्का) आणि अनवाणीच अंबाबाईला निघाले. मी म्हटलं, अण्णा, ऊन आहे. “देवळात कुठं चप्पल लागतीया?” म्हणाले, आणि गेले.

अवंतिकानं आणखी एक सांगितलं. एवढ्या वयाच्या कुत्रीला सहसा कुणी नेत नाही. सगळ्यांना पिल्लू पाहिजे असतं. आमच्याकडे फार दिवस ठेवता येणार नाही, कारण मागं दुसरी कुत्री जागेची वाट बघतायत. घर मिळालं नाही तर हिला परत शेडमध्ये जावं लागेल, जाळीच्या आत. तेव्हापासून मी तिला घर शोधायच्या मागं लागलो. (गैरसमज नको. मला चपला परत पाहिजे होत्या.) घरात कुणीतरी एकदा म्हणालं की ठेवूनच घेऊ या, कशाला एवढी शोधाशोध. कोण म्हणालं ते महत्त्वाचं नाही. स्वप्नाली म्हणाली, “एकीला ठेवून घेतली की दार बंद. मागच्यांनी कुठं जायचं? आणि दिवसभर तिच्याजवळ बसणार कोण, तुमचे पंप?” ज्यानं विचारलं होतं तो दुकान उघडायला निघून गेला.

कुत्रीला बघायला माणसं येणार म्हटल्यावर अण्णांनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या डोक्यात ‘लेकीगत’ पक्कं बसलेलं. बघायला येणारे म्हणजे स्थळ. पहिलं स्थळ पुण्याचं, तरुण नवरा-बायको, बिचारे चांगले होते. त्यांना अण्णांनी समोर बसवून गाव कुठलं, मामा कोण, भाऊ किती, वाटण्या झाल्या का, सगळं विचारलं. ती दोघं कुत्रीला बघायला आली होती, त्यांना आजोळ सांगावं लागलं. मग तांबडा-पांढरा, मटण, भाकरी. त्या मुलानं अर्ध्या भाकरीवर हात धुतला. ते गेल्यावर अण्णांनी निकाल दिला, “सवता पोटभर जेवत न्हाईत, ती दुसऱ्याला काय जेवू घालत्यात!” आणि स्वतःच फोन करून नकार कळवला. अवंतिका मला बोलली ते मी इथं लिहीत नाही. ठरवायचा अधिकार संस्थेचा असतो, मुलीच्या आजोबांचा नसतो, एवढाच त्याचा सारांश.

दुसरं स्थळ फार वजनदार. गाडी मोठी, गळ्यात सोनं. हा गृहस्थ मटण पोटभर जेवला, अण्णा खूश. मग त्यानं पावणीला मागवून घेतलं, तिचा जबडा उघडून दात पाहिले, पोट चाचपलं आणि विचारलं, “अजून एक-दोन वेतं देईल न्हवं?” दाजी, मी रागीट आहे हे तुम्ही जगाला सांगत फिरता. पण त्या दिवशी माझा आवाज निघेना. मी उठून नुसतं दार उघडलं. पावणी पलंगाखाली जाऊन बसली होती. आणि दारात त्या माणसाच्या दोन्ही चपला जिथल्या तिथं होत्या, जोडीनं. घरात आलेल्या माणसाची चप्पल तिनं न उचलण्याची ती पहिली वेळ. तो गेल्यावर मला आवाज फुटला, तो मात्र तालमीपर्यंत गेला. बाळासो धावत आला आणि गाडी कुठं गेली म्हणून विचारू लागला.

तिसऱ्या आल्या त्या तुमच्या साताऱ्याच्या. भैरवीताई. सदरबझारात राहतात, तुमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, आता निवृत्त, एकट्या असतात, दिवसभर घरीच. अण्णांनी रस्सा वाढायला घेतला तर म्हणाल्या, मी माळकरी आहे. अण्णांचं तोंड उतरलं. आता माणूस पारखायचा कशावर? तेवढ्यात त्यांनीच खर्डा मागून घेतला आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी थांबल्या नाहीत. अण्णा जरा निवळले. खरी पंचाईत पावणीची झाली. भैरवीताई नाडीचे बूट घालून आल्या होत्या. तिनं असलं काही पाहिलेलं नव्हतं. दारात जाऊन हुंगलं, भोवती फेरी मारली, आणि मग नाडी तोंडात धरून डावा बूट उलटं चालत, थांबत थांबत, अंथरुणापर्यंत ओढत नेला. आम्ही दहा वेळा माफी मागितली. त्या तिच्यापासून जरा लांब फरशीवर बसल्या, हात पुढं केला नाही, हाकसुद्धा मारली नाही. एवढंच म्हणाल्या, “राहू दे. मला कुठं घाई आहे.” आणि खरोखरच बसून राहिल्या. त्यांनी बूट मागितलाच नाही. संध्याकाळी पावणीच तो घेऊन त्यांच्या मांडीशी जाऊन झोपली.

अवंतिका त्यांचं घर बघून आली, होकार झाला. आणि आता अण्णा पाठवायला तयार होईनात. एकदा अमावास्या आडवी आली, एकदा बुधवार. बुधवारी लेक सासरी धाडत नाहीत म्हणे. (आक्काला तुमच्याबरोबर बुधवारीच धाडली होती, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, “म्हणून तर.”) शेवटी गेला रविवार ठरला. स्वप्नालीनं पावणीला न्हाऊ घातलं, खणाचा तुकडा गळ्यात बांधला, आणि अवंतिका बघत असताना नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन तिची ओटी भरली. पावणीनं ओटीतले तांदूळ खाल्ले. अण्णा भैरवीताईंना बिनमिठाच्या कोंबडीबद्दल पाऊण तास सूचना देत होते, आणि त्या माळकरी बाई मान डोलावत होत्या. मी दुकानात होतो. एका गिऱ्हाइकाची जळालेली मोटर नव्या तारेनं भरायची होती. तारेवर चढवतात ते वार्निश फार उग्र असतं, डोळ्यांना झोंबतं, हे त्या गिऱ्हाइकालाही मी सांगितलं.

तर असं. पावणी गेली, घर मोकळं झालं, सतरंजी स्वच्छ आहे, माझी सकाळ माझी मला परत मिळाली, आणि तालमीवरून मी ताठ मानेनं जातो. एकच नुकसान राहिलं. तिचं अंथरूण गुंडाळून पाठवलं, त्यातून माझी डावी चप्पल गेली. एका चपलेवर माणसानं काय करावं? तेव्हा तुम्ही या आगीत पहिली काडी टाकली आहे, तर तुम्हीच भैरवीताईंकडे जाऊन माझी चप्पल ताब्यात घ्या. आक्काला नमस्कार. गुडघ्याला जपा, पण ओट्यावरून उठून जपा.

तुमचा,
उजव्या पायाचा मेहुणा,
अमरसिंह

ता. क. : गूळ बिद्रीकडच्या गुऱ्हाळातला आहे, आक्काला आवडतो तोच. तुम्हाला साखर आहे हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे.

ता. क. २ : चप्पल मागायला जा, पण आणू नका. देऊ लागल्या तर म्हणा, राहू दे, सावकाश नेईन. चहा घ्या, जरा वेळ बसा. जिना चढते का बघा. मातीवर चारी पाय टेकते का बघा. शेंडी कुणी बांधतं का, आणि फार घट्ट तर बांधत नाही ना, तेही बघा. अवंतिकानं आम्हाला काही महिने तिकडं फिरकायला बंदी केली आहे, ती गोंधळते म्हणून. तुम्हाला केलेली नाही. भैरवीताई फोटो पाठवतात, पण फोटोत काय, तुम्हीसुद्धा बरे दिसता. आणि इकडं आता दारात सगळ्यांच्या चपला जोडीनं असतात. अण्णा रोज स्वतःची डावी जरा आत, अंथरूण होतं त्या कोपऱ्याजवळ काढून ठेवतात आणि मला म्हणतात, पाय दुखत्यात म्हणून लांबवर चालवत न्हाय.

ता. क. ३ : आता एवढं लिहिलंच आहे तर सांगून टाकतो. चप्पल तिनं नेली नाही. रविवारी सकाळी दुकानाला जायच्या आधी अंथरूण बांधताना मीच आत घातली. आणि तुमचं लग्न झाल्यावर महिन्याभरात मी विसरलेली छत्री न्यायला साताऱ्याला आलो होतो, आठवतं? ती विसरलेली नव्हती, दाजी. पाठवणीच्या वेळी अण्णांनी ती मला आक्काच्या ट्रंकेमागं ठेवायला लावली होती. मी छत्री घेतली, चहा प्यालो, आक्का आतून हसत हसत बाहेर आली ते पाहिलं, आणि परत येऊन अण्णांना सांगितलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवले.

ता. क. ४ : जाताना पायात बूट नको, चांगली चामड्याची चप्पल घाला. दारातच काढा आणि तिच्याकडं लक्ष देऊ नका. घरी परत येताना तुमचा डावा पाय अनवाणी असेल तर कुणावर रागावू नका, मला फक्त तेवढंच कळवा. मी अण्णांना सांगतो.